गोष्टीतला माणूस वाढतो कसा?

श्रोतेहो, घरात एखादे मरण झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात घरधनी थट्टामस्करी करीत फिरू लागला, असे तुम्ही कधी पाहिले आहे का? काम कुणालाच चुकत नाही. पण बोलणे कमी होते, नजर बदलते. घडलेल्या गोष्टीची खूण माणसावर राहते. कथेतल्या पात्राची वाढ म्हणतात ती हीच. आज टेलिव्हिजनच्या मालिका घेऊन ती समजून घेऊ.

अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. अंतराळात फिरणारे एक जहाज, त्याचा कप्तान कर्क आणि त्याच्या हाताखालचा अधिकारी स्पॉक. या स्पॉकचे वडील परग्रहावरचे, भावनांना लगाम घालून तर्काने चालणारे. आई मात्र आपल्या पृथ्वीवरची, एक शिक्षिका.

एप्रिल १९६७ मधल्या एका भागात कर्क भूतकाळात, १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये, जाऊन पडतो. गोरगरिबांना जेवू घालणाऱ्या एडिथ कीलर नावाच्या बाईवर त्याचा जीव जडतो. पण ती जगली तर इतिहास फिरून नाझी जर्मनी महायुद्ध जिंकणार, असे त्याला कळते. ती मोटारीखाली सापडते, त्या क्षणी तिला वाचवायला धावणाऱ्या डॉक्टरला कर्कच अडवतो.

आणि पुढच्या आठवड्यात? कर्क पुन्हा पहिल्यासारखा! एडिथचे नावही निघत नाही. त्या भागात तर त्याचा सख्खा भाऊ मरतो, तरी भाग संपता संपता विनोद चालू.

आता तुम्ही म्हणाल, लिहिणाऱ्यांना एवढेही कळू नये? कळत होते हो, पण धंद्याची अडचण होती. मालिका पुढे गावोगावच्या केंद्रांना विकल्या जात. भाग मागेपुढे कसेही लावले तरी चालले पाहिजेत. एखादा चुकला, तर तो मागाहून पाहण्याची सोय घरी नव्हती. म्हणून प्रत्येक भागाअखेर पाटी पुसून टाकायची, असा रिवाज.

पण प्रेक्षकांच्या मनातली पाटी कोण पुसणार? ठेच कर्कला लागली होती, कळ मात्र त्यांच्या पायात राहिली. १९६७ सालीच ‘स्पॉकेनेलिया’ हा चाहत्यांनी काढलेला अंक निघाला, आणि पुढे अशा अंकांची रांगच लागली. शाळेत परीक्षेचे पेपर सायक्लोस्टाईल करीत, तसेच हे अंक काढून टपालाने धाडीत. लिहिणाऱ्यांत बायका पुष्कळ. पडद्याने जे सोडून दिले, ते त्या कथांतून लिहू लागल्या. त्या रात्री कर्कला झोप लागली का? आईसमोर स्पॉक काय गिळून टाकतो? अशा प्रश्नांतून पात्रे वाढू लागली.

यात चुकाही झाल्या. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी त्यांची थट्टा करणारी एक छोटी कथा लिहिली. नायिका मेरी स्यू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सर्वांत लहान लेफ्टनंट. तिला सगळे येते, ती सगळ्यांची लाडकी, आणि ती मरते तेव्हा सगळे रडतात. जे आधीच पूर्ण, ते वाढणार कुठे? तेव्हापासून असल्या पात्राला ‘मेरी स्यू’ म्हणू लागले.

पुढे फिती आल्या, तबकड्या आल्या, इंटरनेट आले. भाग ओळीने पाहता येऊ लागले, तशी मालिकांनीही पाटी पुसणे कमी केले. २००८ ते २०१३ मधली ‘ब्रेकिंग बॅड’ पाहा. वॉल्टर व्हाईट हे रसायनशास्त्राचे मास्तर. कर्करोग झाल्याचे कळते, तेव्हा घरच्यांसाठी पैसा ठेवावा म्हणून ते मादक द्रव्य बनवू लागतात. एक खोटे झाकायला दुसरे, असे करीत ६२ भागांत हा साधा माणूस क्रूर होतो. शेवटी स्वतःच कबूल करतो की, हे सारे मी माझ्यासाठीच केले. वाढ म्हणजे सुधारणाच, असे नाही बरे का! पण प्रत्येक पावलाला मागचे कारण आहे.

गुरुजी, बाई, वर्गात एवढे करून पाहा. मुलांना ठाऊक असलेल्या गोष्टीतला एक प्रसंग घ्या आणि विचारा: “दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस उठला, तेव्हा त्याच्यात काय बदलले होते?” दहा ओळी लिहू द्या. अट एकच: जे बदलले, त्याचे कारण आदल्या दिवशी सापडले पाहिजे. गोष्टीतल्या माणसावरची खूण ज्याला वाचता येते, त्याला शेजारी गप्प बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरचीही वाचता येईल.