भीतीचे निरूपण : उपदेशकाचे शब्द श्रोत्याला कोठे नेतात?

भाताची कापणी आणि मळणी उरकली की भिवंडी तालुक्यातील गावांना अखंड हरिनाम सप्ताहाचे वेध लागतात. दिघाशी आणि आसपासचा परिसर त्याला अपवाद नाही. वज्रेश्वरी आणि गणेशपुरी ही क्षेत्रे याच तालुक्यातली. त्यामुळे कीर्तन-प्रवचन ऐकण्याची सवय येथील माणसाला लहानपणापासूनच असते. या परंपरेने ग्रामीण समाजाला भाषा दिली, नीती दिली आणि एकत्र बसण्याचे निमित्तही दिले. मात्र व्यासपीठावरून बोलणाऱ्याच्या हाती एक जुने आणि अत्यंत धारदार साधन असते. ते म्हणजे भीती. मंदिरातील प्रवचन असो, मशिदीतील बयान असो वा चर्चमधील उपदेश असो, हे साधन सर्वत्र वापरले गेले आहे. ते नेमके कसे चालते, हे समजून घेणे श्रद्धावान श्रोत्याच्याच हिताचे आहे.

दूरचे संकट जवळ आणणे

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात भीतीचे फार मार्मिक विवेचन केले आहे. त्याच्या मते भीती ही येऊ घातलेल्या संकटाच्या कल्पनेतून जन्मते. संकट दूरचे असेल तर माणूस घाबरत नाही. आपण मरणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. पण मरण जवळ वाटत नाही, म्हणून त्याची फिकीरही वाटत नाही. त्यामुळे भय निर्माण करू पाहणाऱ्या वक्त्याचे पहिले काम म्हणजे दूरचे संकट श्रोत्याच्या उंबरठ्यावर आणून ठेवणे.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. आजच्या कनेक्टिकट राज्यातील एनफील्ड या गावी ८ जुलै १७४१ रोजी जोनाथन एडवर्ड्स या धर्मोपदेशकाने नरकाविषयी प्रवचन दिले. अग्नीवर बारीक धाग्याने लोंबकळणाऱ्या कोळ्याप्रमाणे पापी माणूस केवळ देवाच्या मर्जीने तगून आहे, ही त्यातील मध्यवर्ती प्रतिमा. प्रवचनाला हजर असलेल्या एका धर्मोपदेशकाच्या रोजनिशीतील नोंदीनुसार श्रोत्यांच्या किंकाळ्या आणि आक्रोश इतके वाढले, की एडवर्ड्स यांना बोलणे थांबवावे लागले.

या परिणामाची कारणे शोधली तर चार गोष्टी हाती लागतात. पहिली, नरक ही अमूर्त कल्पना न राहता डोळ्यांना दिसणारे चित्र झाले. दुसरी, वक्ता ‘पापी लोक’ असे न म्हणता ‘तुम्ही’ असे म्हणू लागला. तिसरी, उद्याचा भरवसा नाही, या क्षणीच निर्णय घ्या, अशी घाई त्याने लावली. आणि चौथी, शेजारचा रडू लागला की आपलाही धीर सुटतो. समुदायातील भीती साथीच्या रोगासारखी पसरते.

आपल्याकडेही हीच यंत्रणा परिचित आहे. घरात मृत्यू झाल्यावर सुतकाच्या दिवसांत गरुडपुराण वाचण्याची प्रथा अनेक कुटुंबांत आहे. यमदूत, वैतरणी नदी, नाना प्रकारच्या यातना यांची वर्णने त्यात येतात. हे ऐकणारे मन आधीच दुःखाने हळवे झालेले असते. मृत्यू त्या घरात नुकताच येऊन गेलेला असल्यामुळे तो जवळ आणण्याचे श्रमही वक्त्याला पडत नाहीत.

सुटकेची किल्ली कोणाकडे?

ॲरिस्टॉटलने आणखी एक मर्म सांगितले आहे. भीती टिकण्यासाठी सुटकेची थोडी तरी आशा शिल्लक असावी लागते. ज्याचे सारे संपले त्याला भय उरत नाही. म्हणूनच भय दाखवणारा कोणताही उपदेशक श्रोत्याला निव्वळ घाबरवून सोडत नाही. तो सुटकेचे दारही दाखवतो. खरा प्रश्न येथेच आहे. त्या दाराची किल्ली तो श्रोत्याच्या हाती देतो की स्वतःच्या कनवटीला ठेवतो?

संत गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. गावात आल्यावर ते आधी हातात खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कर्ज काढून केलेले सणवार, दारू, देवापुढे दिला जाणारा पशुबळी, मुलांना शाळेपासून दूर ठेवणे यांचे परिणाम ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून वदवून घेत. भय त्यांच्याही कीर्तनात होते; परंतु ते सावकाराचे, घाणीचे आणि अज्ञानाचे होते. म्हणजे ज्याची खातरजमा प्रत्येकाला आपल्याच घरात करता येत होती, अशा गोष्टींचे. आणि उपाय? दारू सोडा, ऋण काढू नका, गाव झाडा, मुलांना शिकवा. यांपैकी एकाही उपायासाठी गाडगेबाबांची गरज उरत नव्हती.

याउलट, ‘तुमच्या घरावर बाधा आहे’, ‘हा विधी केला नाहीत तर मुलाच्या जिवावर बेतेल’ असे सांगणाऱ्याचे भय तपासता येत नाही. विधी केला आणि काही घडले नाही, तर विधीचा प्रताप. विधी न करता वर्षभरात घरात कोणी आजारी पडले, तर अवज्ञेचे फळ. दोन्ही बाजूंनी बोलणाराच खरा ठरतो. आजारपण, नापिकी, जनावर दगावणे हे प्रत्येक शेतकरी घरात कधी ना कधी घडतेच. त्यामुळे असे भाकीत खोटे ठरण्याची शक्यताच नसते. सुटकेची किल्ली कायम त्याच्याकडेच राहते आणि श्रोत्याला पुन्हा पुन्हा त्याच्या दारी जावे लागते.

भीतीने माणूस बदलतो का?

विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न प्रयोगांनी तपासला. अमेरिकेत १९५३ मध्ये जॅनिस आणि फेशबाख या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या गटांना दातांच्या निगेविषयी कमी-अधिक भीतिदायक व्याख्याने ऐकवली. ज्यांना सर्वाधिक घाबरवले, ते सर्वाधिक अस्वस्थ झाले. पण सल्ला पाळण्यात तेच मागे राहिले. १९६५ मध्ये येल विद्यापीठात धनुर्वाताच्या लसीबाबत असाच प्रयोग झाला. ज्या विद्यार्थ्यांना केवळ माहिती दिली, त्यांतील सुमारे ३ टक्क्यांनीच लस घेतली. ज्यांना दवाखान्याचा नकाशा आणि जाण्याची वेळ ठरवण्याची निश्चित सूचना दिली, त्यांत हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. भीती कमी दाखवली की जास्त, याने प्रत्यक्ष कृतीत मोठा फरक पडला नाही. तात्पर्य, भीती मनाला हलवते. पण माणसाला चालते करतो तो स्पष्ट, आपल्या आवाक्यातला मार्ग.

कायद्याने आखलेली रेषा

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून काम करणाऱ्या दिघाशीसारख्या गावांना सर्पदंशाचा धोका नित्याचा आहे. विषारी सापाच्या दंशावर प्रतिसर्पविष हाच उपाय आहे आणि त्यात वेळेला फार महत्त्व असते. दैवी कोपाचे भय मनात रुजलेले कुटुंब अशा वेळी आधी मांत्रिकाकडे वळले, तर गेलेले तास परत येत नाहीत.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्य विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. कुत्रा, साप वा विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे. भुताचे वा अतींद्रिय शक्तीच्या कोपाचे भय घालून उपचार घेऊ न देणे, ही कृत्ये त्याच्या अनुसूचीत गुन्हा ठरवली आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी आहे. मात्र हरिकीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा, प्रदक्षिणा यांना याच कायद्याने स्पष्टपणे वगळले आहे. म्हणजे कायद्याचा रोख श्रद्धेवर नाही, निरूपणावरही नाही. तो भीतीचा वापर करून माणसाला उपचारापासून, पैशापासून आणि विवेकापासून तोडणाऱ्यावर आहे.

कायद्याची वेळ येण्याआधी मंडपात बसलेल्या प्रत्येकाला स्वतःशी चार प्रश्न विचारता येतील. सांगितलेले संकट मला तपासून पाहता येते का? उपाय मी स्वतः करू शकतो, की त्यासाठी सांगणाऱ्यावरच अवलंबून राहावे लागते? विचार करायला, घरच्यांशी बोलायला, डॉक्टरांना विचारायला मला वेळ दिला जातो आहे का? आणि या भीतीतून लाभ कोणाचा होतो? चांगला कीर्तनकार या प्रश्नांनी दुखावणार नाही. ज्याला ते प्रश्न नकोसे वाटतात, त्याच्यापुढे दक्षिणा ठेवण्यापूर्वी थांबावे, हे उत्तम.