वाटी भरलेली दिसते
घरचा पोपट : भाग 4

मागच्या आठवड्यात पिंजरा कुठे टांगायचा ते पाहिलं. आज त्यातल्या वाटीकडे वळू. सकाळी आपण डोकावतो, वाटी काठोकाठ भरलेली दिसते, कालचा दाणा अजून आहे असं समजून चहाला लागतो. ती वाटी एकदा फुंकून बघा. निम्मी उडून जाईल. पोपटाच्या जातीचे पक्षी दाणा सोलून खातात. गर पोटात, टरफल परत वाटीत. वरून दाण्यासारखाच दिसणारा हा कोंडा साचत जातो आणि खाली काहीच उरलेलं नसतं. तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाला एक-दोन दिवसांची उपासमारही जीवघेणी ठरते. तेव्हा वाटी रोज सकाळी फुंकायची, कोंडा उडवायचा, मगच नवा दाणा घालायचा.

इथे पोपट म्हणजे बजी, हे पुन्हा सांगतो. बाजारात त्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, पण खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला आणि बजी ऑस्ट्रेलियातला. 1840 मध्ये जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने तो इंग्लंडला नेला. लाल चोचीचा आपला हिरवा पोपट या लेखमालेत येणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो घरात पाळता येत नाही, आजोबांच्या ओसरीवर कितीही वर्षं असला तरी.

दुकानदार ‘कांगणी’ म्हणून जे देतो ते आपले राळेच. त्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते पक्ष्याला वर्षानुवर्षं नुसत्या राळ्यांवर ठेवणं. दाण्यात अ जीवनसत्त्व नसल्यासारखंच आणि कॅल्शियम तुटपुंजं. अ कमी पडलं की नाकातोंडातलं अस्तर जाड होतं आणि तिथे जंतू घर करतात. कॅल्शियम कमी पडलं की मादीचं अंडं आत अडकू शकतं, आणि ते वेळेवर कळलं नाही तर ती दगावते. सूर्यफुलाच्या बिया त्याला फार आवडतात, पण त्यात तेल भरपूर. हाताळायची सवय लावताना लाच म्हणून एखाददुसरी द्यावी, वाटीत ओतू नये.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, कोकणात किनाऱ्यावर फुकटही सापडतो. माकूल जातीच्या प्राण्याच्या पाठीतलं हे हलकं, पांढरं हाड. वाळूतून उचललेलं असेल तर गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलत, काही दिवस भिजवा, कडक उन्हात वाळवा आणि तारेने पिंजऱ्याला बांधा. बजी ते किसून खातो, चोचही घासली जाते. दुकानदार सोबत खड्यांची पुडी देऊ पाहील. ती कबुतरांसाठी ठीक, कारण कबुतर दाणा अख्खा गिळतं. सोलून खाणाऱ्याला खडे लागत नाहीत.

अ जीवनसत्त्वासाठी मात्र भाजी हवी : मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर. हिरवी मिरचीही चालते. तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. ॲव्होकाडो आणि चॉकलेट मात्र विष, चिमूटभरसुद्धा नको. पण दाण्यावर वाढलेला बजी पाल्याला अन्न मानत नाही, आणि उपाशी ठेवून शिकवायचं हा उपाय त्याच्या बाबतीत मुळीच करायचा नाही. दाणा नेहमीसारखा द्या. त्याआधी तासभर, सकाळच्या भुकेच्या वेळी, मेथीची काडी कपड्याच्या चिमट्याने दांडीजवळ अडकवा आणि त्याच्यासमोर बसून तुम्हीही एक पान चघळा. थव्यातला पक्षी आहे, दुसरा खातोय हे बघून त्याला धीर येतो.

आठ-दहा दिवस तो त्या काडीकडे भूत बघितल्यासारखा बघेल. पाला ओला ठेवलात तर खायचं सोडून त्यात अंग घासून अंघोळ करेल. करू द्या. पिसं विंचरताना पानाचा एखादा तुकडा चोचीत जातोच.

(पुढच्या आठवड्यात : स्वयंपाकघरातला नॉनस्टिक तवा)