पिल्लाचा खेळ आणि कुत्र्याची शिकार

सातपुड्याच्या पायथ्याशीं, तापीच्या खोऱ्यांत तळोदा हें तालुक्याचें गांव आहे. पूर्वीं पश्चिम खानदेशांत व पुढें धुळें जिल्ह्यांत मोडणारा हा मुलूख १९९८ सालापासून नंदुरबार जिल्ह्यांत आहे. त्याच्या डोंगराकडील भिल्ल व पावरा वस्त्यांत कुत्रा हा घरच्या माणसांपैकींच एक. घराची राखण, शेताची जागल आणि शेळ्यांची सोबत हीं त्याचीं नित्याचीं कामें. पूर्वीं तिरकमठा घेऊन रानांत जाणाऱ्या माणसाबरोबर कुत्राहि शिकारीस जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती शिकार बंद केली; परंतु कुत्र्याच्या अंगची शिकारी वृत्ति कायद्यानें नाहींशी होत नाहीं. तिला वळण लावावें लागतें, आणि तें वळण बहुतांशीं पिल्लाच्या खेळण्याच्या दिवसांतच लागतें.

शिकार ही एकच क्रिया नव्हे. ती क्रियांची सांखळी आहे. चाहूल घेणें, टक लावून पाहणें, दबकत जवळ जाणें, पाठलाग करणें, झडप घालून धरणें, चावून मारणें आणि शेवटीं फाडून खाणें, असे तिचे दुवे होत. लांडग्यांत ही सांखळी पुरी असते. माणसानें कुत्र्याच्या जाती निपजवितांना तिच्यांतील कांहीं दुवे बळकट केले व कांहीं दुबळे केले. मेंढ्या वळणारा कुत्रा पाठलाग करतो, पण लचका तोडीत नाहीं. मुधोळचा लांबट, सडपातळ कुत्रा नजरेनें सावज हेरतो आणि वाऱ्याच्या वेगानें त्याच्या मागें धांवतो. गांवठी कुत्र्यांत मात्र हे सारे दुवे कमीअधिक प्रमाणांत असतात. म्हणूनच त्याच्या संगोपनाला विशेष महत्त्व आहे.

पिल्लाचे डोळे सुमारें दोन आठवड्यांनीं उघडतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून भावंडांशीं झोंबाझोंबी सुरू होते. दबा धरणें, धांवणें, मानगूट पकडणें हे शिकारीचेच तुकडे त्या खेळांत दिसतात. फक्त ते क्रमानें येत नाहींत आणि शेवटास जात नाहींत. याच खेळांत पिल्लूं एक मोठा धडा शिकतें. जोरानें चावलें कीं भावंड कळवळून ओरडतें आणि खेळ मोडतो. पुन्हा खेळावयाचें तर दांत आवरले पाहिजेत, हें त्याला न सांगतां कळतें. फार लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लाचा हा धडा अपुरा राहतो.

मग जें पिल्लूं अधिक खेळतें तें अधिक चांगलें शिकारी होतें काय? मांजरांवर झालेल्या दोन प्रयोगांनीं या प्रश्नावर चांगला प्रकाश पडतो. टिम कॅरो या संशोधकानें मांजरांच्या कांहीं पिल्लांना खेळावयास वस्तू दिल्या व कांहींना दिल्या नाहींत. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षाप्रमाणें मोठेपणीं शिकार करण्यांत या दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. अर्थात् शिकारीचें कसब केवळ खेळण्यांनीं येत नाहीं. त्याचें मूळ उपजतच असतें.

त्यापूर्वींचा, १९३० सालचा प्रयोग चिनी शास्त्रज्ञ झिंग-यांग कुओ यांचा. ज्यांच्यादेखत आई उंदीर मारीत असे अशा २१ पिल्लांपैकीं १८ पिल्लें पुढें उंदीर मारूं लागलीं. एकटीं वाढविलेल्या २० पैकीं ९ पिल्लांनीं उंदीर मारले. परंतु उंदरांच्याच सहवासांत वाढलेल्या १८ पिल्लांपैकीं फक्त ३ पिल्लांनीं उंदीर मारले, आणि तेहि आपल्या सोबत्यांच्या जातीचे नव्हेत. दांत तेच, नखें तींच. संगत तेवढी निराळी होती.

मांजराचा नियम कुत्र्यास जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. तथापि कुत्र्यावरचे प्रयोगहि याच दिशेस बोट दाखवितात. अमेरिकेंतील बार हार्बर येथें माणसांपासून १४ आठवडे दूर ठेवलेलीं पिल्लें पुढें रानटी जनावरांप्रमाणें माणसाला भिऊं लागल्याचें १९६१ सालीं प्रसिद्ध झालें. तिसऱ्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळांत पिल्लूं ज्यांच्यांत वावरतें त्यांना तें आपलें मानतें. पुढें ही वाट अरुंद होत जाते.

याचा तळोद्याच्या शेळीवाल्याशीं थेट संबंध आहे. शेळी हें गरजेच्या वेळीं विकतां येणारें घरचें धन होय. पिल्लूं करडांमागें धांवतें, करडें उड्या मारीत पळतात आणि मुलें टाळ्या पिटतात. पाहणाऱ्यास हा निव्वळ खेळ वाटतो. परंतु पाठलाग हेंच पाठलागाचें बक्षीस असतें. धांवण्यांतला आनंद रोज मिळत गेला म्हणजे पुढील दुवा, झडप घालण्याचा, जवळ येतो. आणि एके दिवशीं करडूं जायबंदी होतें. मग दोष कुत्र्याच्या माथीं येतो. म्हणून पिल्लाला निदान आठ आठवडे आई-भावंडांत राहूं द्यावें, शेळ्यांचा वास व स्पर्श लहानपणींच घडवावा. मात्र करडांमागें धांवतांच त्याला तेथेंच थांबवावें. धांवण्याची हौस दोरीला बांधलेल्या चिंधीवर भागवावी. अशा कुत्र्याची हीच वृत्ति पुढें शेतांतील उंदीर-घुशींच्या कामीं येते.

खेळाला वळण दिल्यानें काय साधतें, याचें उदाहरण वनरक्षणाच्या क्षेत्रांत आहे. ट्रॅफिक या संस्थेनें २००८ सालीं भारतांत वन्यजीवांच्या गुन्ह्यांचा तपास करणारे श्वान तयार करण्याचा उपक्रम सुरू केला. वासावरून शोध घेणाऱ्या कुत्र्याला शिकवितांना शोध लागतांच चेंडू किंवा खेळणें देतात. त्याच्या दृष्टीनें सारें काम म्हणजे हरवलेलें खेळणें हुडकण्याचा खेळच असतो. ज्या नाकानें पूर्वीं हरिणाचा माग काढला असता, तेंच नाक आज लपविलेलें कातडें आणि हाडें शोधून काढतें.

तेव्हां पिल्लाचा खेळ बंद करण्यांत शहाणपण नाहीं, आणि तो मोकाट सोडण्यांतहि नाहीं. तें कोणाबरोबर खेळतें, कशामागें धांवतें आणि केव्हां थांबतें, इकडे त्या थोड्या आठवड्यांत घरधन्यानें लक्ष ठेवलें, तर शेळ्याहि सुरक्षित राहतात आणि कुत्राहि घरचा राहतो.