पत्ता वाचणारं यंत्र आणि 'कळलं नाही' म्हणायची सोय

समजा, तुम्ही पोस्टात टपालाचं वर्गीकरण करायला बसला आहात. समोर पाकिटांचा ढीग आहे. एका पाकिटावर पेनाने लिहिलेला पिनकोड आहे, पण त्यातला शेवटचा आकडा १ आहे की ९, ते काही केल्या कळत नाही. तुम्ही काय कराल? पाकीट डोळ्यांजवळ न्याल, पेठेचं नाव वाचून बघाल, तरीही नाहीच जमलं तर शेजारच्याला म्हणाल, "अहो, हे जरा बघता का?"

आता तुमच्या जागी यंत्र बसवा. त्याने काय करावं?

माझं पीएच.डी.चं काम हाताने लिहिलेले देवनागरी आकडे संगणकाला ओळखायला शिकवण्यावर आहे. त्यामुळे "यंत्र किती टक्के बरोबर वाचतं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न चांगलाच आहे, पण अर्धा आहे. दुसरा अर्धा असा: जे वाचता आलं नाही, ते आपल्याला वाचता आलेलं नाही हे यंत्राला कळतं का? टपाल हाताळणीतले मोठे शोध बघितले, तर त्यांची निम्मी करामत या दुसऱ्या प्रश्नात आहे. कसं ते आज बघू.

आधी आकडा आला

यंत्रं येण्याच्या आधीची अडचण साधी होती. एकाच नावाची गावं अनेक. औरंगाबाद महाराष्ट्रात होतं (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि बिहारमध्येही आहे. त्यात भारतात पत्ता कुठल्या लिपीत आणि कुठल्या स्पेलिंगने येईल याचा नेम नाही. मग वर्गीकरण करणाऱ्या माणसाच्या डोक्यातच सगळा नकाशा असावा लागतो.

अमेरिकेने यावर १ जुलै १९६३ रोजी पाच आकडी झिपकोड आणला. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड आला. त्यामागचे मुख्य शिल्पकार म्हणजे श्रीराम भिकाजी वेलणकर. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात वरिष्ठ अधिकारी होते आणि शिवाय संस्कृतमधले कवी-नाटककार! भाषेवर एवढं प्रेम असलेल्या माणसाने टपाल भाषेच्या तावडीतून सोडवलं, ही मला फार गमतीची गोष्ट वाटते.

पिनकोड डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की नकाशा लहान लहान होत जातो. ४११००१ घ्या. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हा विभाग. दुसऱ्या आकड्याने उपविभाग ठरतो, तिसऱ्याने वर्गीकरणाचा जिल्हा. ४११ म्हणजे पुणे. शेवटचे तीन आकडे बटवडा करणारं पोस्ट ऑफिस सांगतात. म्हणजे दूरच्या राज्यात वर्गीकरण करणाऱ्याला पुण्यातल्या पेठा माहीत असण्याची गरजच उरली नाही. त्याने पहिला आकडा बघायचा आणि पाकीट योग्य कप्प्यात टाकायचं, बस्स.

आणि नकळत आणखी एक गोष्ट झाली. पत्त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आता फक्त दहा चिन्हांमध्ये आला. हजारो गावांची नावं वाचणाऱ्या यंत्रापेक्षा दहा चिन्हं ओळखणारं यंत्र बनवणं कितीतरी सोपं!

दहा चिन्हं, पण किती तऱ्हा

सोपं म्हटलं खरं, पण प्रत्येकाचा २ वेगळा, प्रत्येकाचा ५ वेगळा. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये यान लकुन आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज फोनमध्ये चेहरे ओळखणारी जी न्यूरल नेटवर्क्स असतात, त्यांच्या पूर्वजांपैकी हा एक. आणि हा पूर्वज शिकला कशावर? न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या पोस्टातून गेलेल्या खऱ्याखुऱ्या पाकिटांवरच्या झिपकोडांवर. एकूण ९,२९८ आकडे होते. त्यातले ७,२९१ शिकण्यासाठी आणि २,००७ परीक्षेसाठी बाजूला ठेवलेले. प्रत्येक आकडा १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकोनात बसवलेला.

परीक्षेचा निकाल: सुमारे ५ टक्के चुका. म्हणजे ९५ टक्के गुण! शाळेत एवढे पडले तर पेढे वाटतात. पण पोस्टात?

इथे थोडं गणित करू. एक आकडा बरोबर येण्याची शक्यता ०.९५ असेल, तर पाचही आकडे बरोबर येण्याची शक्यता ०.९५ पाच वेळा गुणून येते, साधारण ०.७७. सहा आकडी पिनकोडला तर ०.७४. म्हणजे दर चार पाकिटांपैकी एक चुकीच्या दिशेने निघणार. चुकलेलं पाकीट नुसतं उशिरा पोचत नाही. ते आधी चुकीच्या गावी जातं, तिथे कुणाच्या तरी लक्षात येतं, मग ते परत फिरतं. मुलाखतीचं पत्र मुलाखत होऊन गेल्यावर मिळालं, तर ते मिळून उपयोग काय?

न वाचण्याचा हक्क

त्याच शोधनिबंधात पुढे एक आकडा आहे, जो मला ५ टक्क्यांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. नेटवर्कला दहा उत्तरं असतात, ० ते ९. प्रत्येक उत्तराला ते एक वजन देतं. '१' ला भरपूर वजन आणि बाकी सगळ्यांना नगण्य, तर शंका नाही. पण '१' आणि '७' मध्ये जेमतेम फरक असेल, तर? तर उत्तर द्यायचंच नाही, तो आकडा बाजूला काढायचा. याला म्हणतात नकाराचा पर्याय.

संशोधकांनी हा नियम लावून बघितला. परीक्षेतले सुमारे १२ टक्के आकडे यंत्राने "कळलं नाही" म्हणून बाजूला काढले, तर उरलेल्यांमध्ये चुका फक्त १ टक्का राहिल्या. २,००७ आकड्यांच्या हिशेबात सांगायचं, तर आधी शंभरेक चुका होत्या, आता अठराच्या आसपास. यंत्र जास्त हुशार झालं नव्हतं. त्याला गप्प बसायची परवानगी मिळाली, एवढंच.

"पण मग १२ टक्के काम परत माणसावर आलं की!" बरोबर. एकेका आकड्याचे १२ टक्के म्हटले, तर पाच आकड्यांपैकी एखादा तरी अडणारी पाकिटं जवळजवळ निम्मी निघतात. म्हणूनच खरा प्रश्न पुढचा: बाजूला काढलेल्या पाकिटाचं करायचं काय?

पाकीट तिथेच, चित्र पुढे

अमेरिकन टपाल खात्याने यावर १९९० च्या दशकात एक झकास व्यवस्था उभी केली. यंत्राला पत्ता कळला नाही, की त्या पाकिटाचा फोटो दूरच्या एका केंद्रात पाठवायचा. तिथे माणसं पडद्यासमोर बसलेली असतात. फोटो बघून ती पत्त्यातला आवश्यक भाग टाइप करतात आणि उत्तर वर्गीकरण केंद्रात परत येतं. दरम्यान कुठलं उत्तर कुठल्या पाकिटाचं हे कळावं, म्हणून पाकिटाच्या मागे चमकणाऱ्या शाईत एक ओळखखूण छापलेली असते. माणसाला पाकिटाजवळ जावं लागत नाही, आणि एका अडलेल्या पाकिटासाठी रांग थांबत नाही.

१९९७ च्या सुमारास अशी ५५ केंद्रं होती. पुढे यंत्रांचं वाचन सुधारत गेलं आणि २०१३ मध्ये विचिटाचं केंद्र बंद झालं, तेव्हा सॉल्ट लेक सिटीचं एकच उरलं. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. यंत्राने खूप माणसांचं काम घेतलं. पण "कळलं नाही" म्हटल्यावर बघायला माणूस लागतोच.

एकदा पत्ता कळला की तो पुन्हा पुन्हा वाचायला लागू नये, म्हणून पाकिटावर उभ्या रेघांचा बारकोड छापतात. तिकडच्या जुन्या 'पोस्टनेट' बारकोडमध्ये प्रत्येक आकड्याला पाच रेघा असायच्या, दोन उंच आणि तीन बुटक्या. पाचातून दोन निवडायच्या रीती किती? बरोबर दहा! रेघ पुसून एकच उंच दिसली किंवा डागामुळे तीन दिसल्या, तर यंत्राला लगेच कळतं की इथे गडबड आहे.

शिवाय शेवटी ताळ्याचा एक आकडा. सगळ्या आकड्यांची बेरीज दहाच्या पटीत यायला हवी. बफेलो विद्यापीठाचा झिपकोड १४२६०. बेरीज १३, म्हणून ताळ्याचा आकडा ७. आता मधला २ पुसला गेलाय असं समजा. उरलेल्यांची बेरीज १८, म्हणजे हरवलेला आकडा २ च! आधी शंका घ्यायची सोय, आणि त्यातूनच दुरुस्तीची सोय.

दोन साक्षीदार

पेनाने लिहिलेल्या पत्त्यावर असा ताळा कुठून आणायचा? पिनकोडमध्ये ताळ्याचा आकडा नाही. पण पत्त्यात दुसरा साक्षीदार आहे, तो म्हणजे जागेचं नाव.

बफेलो विद्यापीठातच सरगुर श्रीहरी या मूळ भारतीय शास्त्रज्ञाच्या गटाने ही युक्ती वापरून हस्तलिखित पत्ते वाचणारी प्रणाली तयार केली, आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती अमेरिकन टपालात वापरात आली. यंत्र आधी झिपकोड आणि घर क्रमांक वाचतं. मग पत्त्यांच्या यादीत बघतं, की या झिपकोडमध्ये हा घर क्रमांक कुठल्या रस्त्यांवर आहे. उत्तर येतं मोजकीच नावं. आता रस्त्याचं गिचमिड नाव अक्षर-अक्षर वाचायची गरज नाही. या नावांपैकी ते कुणाशी जुळतं, एवढंच बघायचं. जुळलं तर दोन्ही साक्षी एक. नाही जुळलं, तर आकडा वाचण्यातच चूक झाली असेल, फोटो माणसाकडे पाठवा.

आपणही असंच वाचतो की नाही? डॉक्टरांची चिठ्ठी केमिस्टला वाचता येते, कारण कुठली औषधं असतात हे त्याला आधीच माहीत असतं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे गंमत वाढते, कारण एकाच पाकिटावर दोन लिप्या असू शकतात. देवनागरी १ बघा, तो इंग्रजी नऊसारखा दिसतो. देवनागरी ४ चं वरचं तोंड बंद झालं, की तो इंग्रजी आठ. म्हणजे ४११००१ हा देवनागरी पिनकोड यंत्राने इंग्रजी समजून वाचला, तर ८९९००९ होईल! सुदैवाने ८९ ने सुरू होणारा पिनकोडच नाही, त्यामुळे लिपी चुकली हे यंत्राला ओळखता येतं. पण देवनागरीतच १ आणि ९ ची गल्लत झाली तर? ४११००१ म्हणजे पुण्याचं मुख्य पोस्ट ऑफिस आणि ४११००९ म्हणजे पर्वती. दोन्ही खरे, दोन्ही पुण्यातच. इथे आकडे कितीही निरखले तरी उपयोग नाही. 'पर्वती' हा शब्दच वाचवेल.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उज्ज्वल भट्टाचार्य आणि बिद्युत बरन चौधुरी यांनी देवनागरी आकड्यांचे २२,५५६ नमुने जमवले, टपालाच्या पाकिटांवरून आणि नोकरीच्या अर्जांवरून. माझ्यासारख्या विद्यार्थ्यांचं काम अशा संग्रहांवर उभं आहे. पण नुसत्या सुट्या आकड्यांवर शिकलेल्या यंत्राला दुसरा साक्षीदार माहीतच नसतो. आकडा, लिपी आणि गावाचं नाव यांची साक्ष एकत्र घेऊन, शंका असेल तिथे थांबणारं यंत्र बनवणं, हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आवडता भाग आहे.

तुमच्यासाठी यातून दोन गोष्टी. पहिली अगदी व्यवहाराची: पत्ता लिहिताना पिनकोड टाकाच, पण "पिन दिलाय, आता तालुका-जिल्हा कशाला" असं म्हणू नका. तुम्ही जी माहिती दोनदा देता, तीच चूक पकडते.

दुसरी गोष्ट: आता आजारांचं निदान, कर्जाचे अर्ज, परीक्षेचे पेपर अशा अनेक ठिकाणी यंत्राने निर्णय द्यावा असं सुचवलं जातं. कुणी अभिमानाने "आमचं यंत्र ९५ टक्के अचूक आहे" असं सांगितलं, तर त्यांना एवढंच विचारा: उरलेल्या पाच टक्क्यांत आपण आहोत हे तुमच्या यंत्राला कळतं का? आणि कळलं, तर ते फोटो कुणाकडे पाठवतं?