बोलता येईल, गाता येणार नाही

डिसेंबरात सकाळी सहाला बडोद्याच्या कमाटी बागेत अंधारच असतो. विश्वामित्री नदीकडून गार वारा येतो, प्राणिसंग्रहालयाच्या अंगाला मोर ओरडतात. बुटांचा आवाज आधी येतो, माणसं मागाहून दिसतात. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली वसवलेल्या या बागेत मी लहानपणापासून येते, पण औषध म्हणून चालायला आले ती २०२३च्या डिसेंबरात. रक्तदाबाचा वरचा आकडा १४४, खालचा ९२. डॉक्टर म्हणाल्या, तीन महिने चालून बघू, गोळीचं मग ठरवू. तोवर दर आठवड्याला मोजायचं.

आपण 'फिरायला जाते' म्हणतो, गोंधळ तिथेच होतो. पहिले पंधरा दिवस मी फिरतच होते. मग दांडिया बाजारातल्या एक काकू सोबत चालू लागल्या. वय सत्तरच्या पुढे. त्यांचं चालणं मी बघत राहिले: हात कोपरात दुमडलेले, खांदे सैल, टाच आधी टेकते आणि अंगठा जमीन मागे ढकलतो. त्या म्हणाल्या, "एवढ्या गप्पा मारता येतायत म्हणजे तू हळू चालतेयस. दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, पण गाणं म्हणता येता कामा नये." डॉक्टरही हीच खूण सांगतात.

सुरुवातीची पाच मिनिटं सावकाश, मधली तीस झपाझप, शेवटची पाच पुन्हा सावकाश. शेवटची पाच मिनिटं मला फुकट वाटायची. पण चालताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. एकदम थांबलं तर रक्त खालीच साचतं आणि चक्कर येते.

एकदा घरी आल्या आल्या, चहा पिऊन, मी दाब मोजायचा पट्टा बांधला. १५८! दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. चालताना वरचा आकडा चढतोच, चढायलाच हवा. उतार नंतर येतो. रक्तवाहिन्या सैल राहतात, दाब काही तास खाली राहतो, कित्येकांत जवळजवळ दुसऱ्या सकाळपर्यंत. म्हणून हे काम रोजचं, निदान आठवड्यातून पाच दिवसांचं. दीडशे मिनिटं भरली पाहिजेत. महिनोन्‌महिने टिकवलं तर वाढलेल्या दाबात वरचा आकडा साधारण पाच ते आठने उतरतो. मोजायचं ते चहाआधी, पाच मिनिटं पाठ टेकून बसून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. एका मिनिटाने पुन्हा.

बडोद्याला व्यायाम नवा नाही. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर इथलं, मराठी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंडही इथलेच. आमच्या आजोबांच्या पिढीला जोर-बैठका म्हणजेच व्यायाम. चालणं म्हणजे नुसतं जाणं-येणं. ताकदीचा व्यायामही उपयोगाचाच, पण श्वास कोंडून जड वजन उचललं की दाब उसळतो. वाढलेला दाब असेल तर श्वास चालू ठेवूनच करावा.

बागेबाहेर आल्यावर अनेक जण सेव-उसळीकडे वळतात, वरून तर्री. मराठी उसळीचं हे बडोदी रूप माझंही लाडकं आहे. पण दिवसभराचं मीठ चमचाभर, पाच ग्रॅमच्या आत ठेवायचं तर ती रोजची नव्हे. गोळी चालू असलेल्यांनी चालण्याच्या जोरावर ती आपल्या मनाने बंद करू नये. छातीत दाटलं तर पाऊल तिथेच थांबवावं, डॉक्टर गाठावा.

तीन महिन्यांनी माझे आकडे १३४ आणि ८४ झाले. पण २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री शहरात शिरली, बागेतही पाणी आलं. आमचं चालणं सुटलं. गच्चीवर येरझाऱ्या घातल्या, त्यात झपाटा येईना. तिसऱ्या आठवड्यात वरचा आकडा पुन्हा १४०वर. बागेत परतलो तेव्हा वाटेवर वाळलेल्या गाळाची साय होती. मी लगेच पाय उचलला, तर काकूंनी कोपर धरलं.

"दमाने. वीस दिवस सुटलेत. आज नुसती फीर."