विद्यार्थ्याची खोली आणि खारा वारा

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच घारापुरीचें बेट डाव्या हातास टाकून मोरा बंदरास लागते, तेव्हां वैशाखांतल्या दुपारींही खाऱ्या वाऱ्यानें प्रवाशाचा जीव सुखावतो. तेथून पनवेलच्या बाजूस जाऊन सिमेंटच्या एखाद्या नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील खोलींत शिरावें, तों हा वारा गेला कोठें, असा प्रश्न पडतो. विद्येसाठीं घर सोडून गेलेलीं आपलीं मुलें पुष्कळदां अशाच खोल्यांतून राहतात. मुलास वसतिगृहांत ठेवतांना आपण जेवणाची, शुल्काची, सोबतीची चौकशी करतों. भिंतीची आणि वाऱ्याची करीत नाहीं. परीक्षा मात्र ऐन चैत्र-वैशाखांत येते, आणि तेव्हां अभ्यास बुडतो तो कित्येकदां आळसानें नव्हे, उष्म्यानें.

पनवेल सुमारें १९ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येथें सूर्य भर दुपारीं थेट डोक्यावर येतो. म्हणून उन्हाचा पहिला मारा छपरावर. दुपार कलली कीं तो पश्चिमेच्या भिंतीवर उतरतो. उघडी गच्ची आणि ही भिंत दिवसभर उष्णता सांठवितात आणि रात्रीं, मुलगा पुस्तक उघडून बसला म्हणजे, ती खोलींत सोडतात. त्यांतून हवा दमट. घाम सुकावयास वाहता वाराच हवा. पण समुद्रावरचा वाराही बहुधा पश्चिमेकडूनच येतो! ऊन अडवावें तर वारा अडतो, वारा घ्यावा तर उन्हासही वाट मिळते. किनाऱ्यावरील घरबांधणीचा खरा पेच तो हाच.

आमच्या वाडवडिलांनीं तो आपल्यापरी सोडविला होता. कोंकणांतल्या घराचें उतरतें कौलारू छप्पर, कौलांच्या फटींतून वर निघून जाणारी ऊन हवा, भिंतीस ऊन-पाऊस लागूं न देणारी पडवी, हा नुसता रिवाज नव्हता. तथापि दोनशें विद्यार्थ्यांस पडवीच्या घरांत ठेवतां येणार नाहीं, हेंही खरें. जुन्या घरामागचा विचार नव्या बांधणींत आणतां येईल काय, एवढाच प्रश्न उरतो.

तो आणतां येतो, याचे दोन दाखले आहेत. पांडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमासाठीं अँटोनिन रेमंड यांनीं आंखलेलें 'गोलकोंड' हें निवासस्थान गेल्या शतकाच्या चौथ्या-पांचव्या दशकांत उभें राहिलें. त्याच्या उत्तर-दक्षिण बाजूंस भिंतीऐवजीं आडव्या फिरत्या पट्ट्या आहेत. त्या कलत्या केल्या कीं ऊन-पाऊस अडतो, वारा चालू राहतो. छप्पर दुहेरी असून मधून हवा खेळते. दुसरा दाखला तिरुवनंतपुरमचा. सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या इमारती लॉरी बेकर यांनीं बांधल्या. त्यांत विद्यार्थ्यांचीं वसतिगृहेंही आहेत. तेथें खिडक्यांचें पुष्कळसें काम विटांच्या जाळ्याच करतात. बेकर यांनीं रूढ केलेल्या एका रीतींत विटा कडेवर उभ्या रचून भिंतींत पोकळी ठेवतात. त्यानें सुमारें चौथाई विटा वांचतात आणि ऊनही आंत सावकाश पोहोंचतें.

आमच्या किनाऱ्यापुरतें सांगावयाचें तर इमारत पूर्व-पश्चिम लांब असावी. जिने व न्हाणीघरें पश्चिमेस घालून खोल्या त्यांच्या आड ठेवाव्या. दोन्ही बाजूंस खोल्या आणि मधून अंधारी वाट, ही रचना टाकून एका बाजूस पडवीसारखी उघडी वाट करावी, म्हणजे तिरपा आलेला वाराही खोलीच्या आरपार जाईल. येथें वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. यास्तव जाळीवर खोल छज्जा हवाच. यांतलें पुष्कळसें पैशाचें काम नसून आराखड्याच्या वेळच्या विचाराचें आहे.

कोणी म्हणेल, गार हवेचें यंत्र बसविलें कीं झालें! पण त्याचें वीजबिल दरमहा भरावें लागतें, आणि यंत्र खोलींतली उष्णता बाहेर टाकतें ती शेजारच्या खिडकीपाशीं. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाच्या वांट्यास शेवटीं पंखाच येतो, आणि तापल्या खोलींतला पंखा ऊन वाराच फिरवितो. चांगली बांधलेली इमारत मात्र सर्वांस सारखाच गारवा देते.

तेव्हां पुढील खेपेस वसतिगृह पाहावयास जाल, तेव्हां सकाळच्या गार वेळीं न जातां दुपारीं तीनच्या सुमारास जा. पश्चिमेच्या भिंतीस हात लावून पाहा. दारासमोर खिडकी आहे कीं नाहीं, तें पाहा. मग शुल्काचें विचारा.