पालिओ १.६ : जपायची की मोडीत काढायची?

भंडारा जिल्ह्याचं लोखंडाशी नातं जुनं आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत, आणि मँगनीजवाचून चांगलं पोलाद होत नाही. वरठीला, म्हणजे रेल्वे ज्या स्टेशनाला भंडारा रोड म्हणते तिथे, सनफ्लॅगच्या कारखान्यात मोटारींच्या सुट्या भागांना लागणारं मिश्रपोलाद तयार होतं. लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना गिअरबॉक्स बनवतो. खुद्द भंडारा तर पितळेच्या भांड्यांचं गाव. इथल्या घरांत जुनी घागर चेपली, गळायला लागली की ती मोडीत जाते आणि तेच पितळ नवं भांडं होऊन परत येतं. त्यात कुणाला काही गमावल्यासारखं वाटत नाही. मोटारीचं मात्र असं होत नाही. मोडीत गेलेल्या मोटारीचं पोलाद उरतं, मोटार उरत नाही. म्हणून अंगणातल्या टिनाच्या शेडखाली जुनी गाडी उभी असली की घरात वर्षानुवर्षं एकच वाद चालतो. एक जण म्हणतो, “कबाड्याले देऊन टाका ना जी.” दुसरा म्हणतो, “राहू दे, करू कधीतरी.”

हा वाद मारुती ८०० वर फार होत नाही. तिचे भाग कुठेही मिळतात, मिस्त्री कुठेही मिळतो, आणि निर्णय पैशांवर होऊन जातो. वाद होतो तो मनातून न उतरणाऱ्या गाड्यांवर. काँटेसा, जुनी झेन, एस्टीम, आणि माझ्या मते या सगळ्यांत अवघड प्रश्न टाकणारी गाडी म्हणजे फियाट पालिओ १.६.

ज्यांनी ती चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पालिओ ही फियाटची ‘जागतिक’ गाडी. १९९६ मध्ये ती ब्राझीलमध्ये निघाली, आणि भारतात सप्टेंबर २००१ मध्ये आली ती जॉर्जेत्तो जुजारो यांच्या इटालडिझाइनने नव्याने रेखलेलं रूप घेऊन. इथे तिचा जन्म कुर्ल्याचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा तो कारखाना. पद्मिनी तिथलीच, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या तिथल्याच. पद्मिनीचं उत्पादन थांबलं आणि त्याच आवारात पालिओ आली.

साधी पालिओ १.२ लिटरची होती. ती शांत, जड आणि थोडी आळशी. पण १.६ चं इंजिन वेगळ्या घराण्यातलं होतं. १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह आणि सुमारे १०० अश्वशक्ती. त्या काळातल्या मारुती ८०० ची ताकद ३७ अश्वशक्ती होती, हे लक्षात घेतलं की फरक कळतो. लहान हॅचबॅकमध्ये शंभर घोडे घालून विकण्याचं धाडस तेव्हा आपल्याकडे दुसरं कुणी करत नव्हतं. तिचे दरवाजे जड होते आणि बंद होताना भरीव आवाज यायचा. हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळायचा. भंडाऱ्याहून साकोलीकडे मुंबई-कोलकाता महामार्गावर ती शंभरावर गेली तरी जमिनीला चिकटून राहायची. पेट्रोल मात्र भरपूर प्यायची, शहरात लिटरला नऊ-दहा किलोमीटर दिले तरी खूप. सचिन तेंडुलकर तिचा चेहरा होता. त्याच्या नावाची ‘एस १०’ ही मर्यादित आवृत्तीही निघाली. २००२ मध्ये त्याने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली आणि सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते ती त्याला मिळाली. फेरारी देशातल्या कुणाला परवडणारी नव्हती. पालिओ परवडत होती, आणि ज्याला वेगाची आवड होती त्याने ती घेतली.

पुढची कथा दुःखाची आहे. २००७ च्या सुमारास फियाट आणि टाटांनी रांजणगावला संयुक्त कारखाना काढला आणि फियाटच्या गाड्या टाटांच्या दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या. पालिओ स्टाइल आली, गेली. बीएस-६ चे नियम आले तेव्हा फियाटने भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणंच सोडलं. आज रांजणगावला जीप बनतात. पालिओच्या मालकाला कंपनीचं दार उरलं नाही.

आता शेडखालच्या गाडीकडे वळू. बहुतेक लोक इथे उलट्या टोकापासून सुरुवात करतात. बॉनेट उघडतात, बॅटरी जोडतात आणि किल्ली फिरवतात, कारण त्यांना आठवतं ते इंजिन. इंजिन धडधडलं की ‘गाडी चांगली आहे’ आणि नाही धडधडलं की ‘संपली’. दोन्ही निष्कर्ष चुकीचे. आणि किल्ली फिरवणं तर धोक्याचंही आहे. या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला किंवा दात घसरला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीतला रबरी पट्टा कडक झालेला असतो. म्हणजे ज्या इंजिनात काहीच बिघाड नव्हता ते एका किल्लीत हेडच्या कामाला येऊ शकतं.

सुरुवात जमिनीपासून करावी. गालिचे उचलावेत, स्टेपनी काढावी, गाडी जॅकवर घेऊन खाली झोपावं. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचं कवच हाच तिचा सांगाडा, आणि तो कुजला तर बाकी सगळं नवं घालूनही उपयोग नाही. दरवाज्यांखालच्या पट्ट्या, मागच्या चाकांच्या कमानी, स्टेपनीचा खड्डा आणि पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरचे माथे या चार जागी स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा. गंज वरवरचा असेल तर खपली निघते आणि खाली कडक पत्रा लागतो. कुजला असेल तर टोक आत जातं. पूर्वी कुणी पुट्टी भरून रंग मारला असेल तर साधं चुंबक ते सांगतं, पुट्टीवर ते चिकटत नाही. कमानी कापून नव्या जोडता येतात, भंडाऱ्यातला हुशार डेंटरही ते करतो. शॉकच्या माथ्यापाशी किंवा पुढच्या बीमला भोकं पडली असतील तर माझं मत स्पष्ट आहे : ती गाडी रस्त्यावर आणू नये. शंभर अश्वशक्तीच्या गाडीचा सांगाडा कच्चा असणं हा घरच्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

आपल्या भागात ही तपासणी जास्त कडक करावी लागते. हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. पावसाळ्यात बांध्यांत पाणी साचलेलं असतं, कच्च्या रस्त्यांचा चिखल गाडीच्या पोटाला बसतो आणि वाळून तिथेच राहतो. पुढच्या पावसात तो पुन्हा ओला होतो आणि पत्रा खातो. शिवाय शेडमध्ये गाडीशेजारी तणसाचे पेंढे आणि धानाची पोती असतात, म्हणजे उंदीर आले. जुन्या गाड्यांतलं वायरिंग गंजाइतकंच उंदरांनी संपवलेलं आढळतं. पालिओत हे महागात पडतं, कारण तिची किल्ली चिपची आहे आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरशी जोडलेली आहे. दोन्ही किल्ल्या आणि त्यांचं कोड कार्ड हरवलं असेल तर बाकी सगळं ठीक असूनही इंजिन पेटत नाही. म्हणून गाडीच्या आधी घरातलं कपाट शोधा, कोड कार्ड सापडलं तर अर्धी चिंता मिटते.

सांगाडा पास झाला तर मग इंजिन. चारही प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून एक रात्र राहू द्यावं. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने, सावकाश फिरवून पाहावं. इंजिन मोकळं फिरलं तर टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप आधी बदलावेत, स्टार्टरला नंतर हात लावावा. कॉम्प्रेशन मोजताना आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांजवळ आहेत का ते पाहावं. एकाचा खूप कमी असेल आणि त्यात ऑइल टाकल्यावर तो वाढला तर दोष रिंगांत, न वाढला तर व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये. यातलं काहीही गाडी मोडीत काढण्याचं कारण नाही. चांगला लेथवाला आणि धीराचा मिस्त्री नागपूरला मिळतो, आणि हेच १.६ इंजिन सिएना, ॲडव्हेंचर आणि पेट्रा या फियाटच्या भावंडांतही बसलेलं असल्यामुळे आतले भाग अजून सापडतात. हेडलाइट, बंपर आणि दरवाज्यांची आतली अस्तरं यांसाठी मात्र दुसरी मेलेली पालिओच शोधावी लागते. ज्या कुर्ल्यात ही गाडी बनली, त्याच कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात तिचे अवयव शोधत फिरणारे मालक मी पाहिले आहेत.

पेट्रोलचाही विचार करावा लागतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते इथेनॉल उसापासून होतं तसं तांदळापासूनही होतं, म्हणजे धानपट्ट्याला त्यात आनंद आहे. पण पालिओच्या काळातले रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल ओलावा ओढतं आणि उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. टाकी धुणं, पेट्रोल पंप तपासणं आणि सगळे इंधनाचे पाइप बदलणं हे पुन्हा चालू करण्याच्या खर्चात धरूनच चालावं.

आणि कागद. माझ्या अनुभवाने इंजिनापेक्षा जास्त गाड्या कागदांनी मारल्या आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. २००१ ते २००५ मधल्या पालिओंची वीस वर्षं झाली किंवा उलटली आहेत. एप्रिल २०२२ पासून कारच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या हलक्या वाहनासाठी ते १०,००० रुपये आहे. उशीर झाला तर कारला दरमहा ५०० रुपये जादा आकारण्याचा नियम आहे. त्यावर पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी. म्हणजे ‘करू कधीतरी’ म्हणत पाच वर्षं उभी ठेवलेली गाडी रस्त्यावर यायच्या आधीच मोठी थकबाकी घेऊन बसलेली असते. दिल्लीत दहा आणि पंधरा वर्षांच्या गाड्यांवर जी बंदी गाजली ती आपल्याकडे लागू नाही, हे मात्र आवर्जून सांगतो, कारण त्या भीतीने कित्येकांनी चांगल्या गाड्या भंगाराच्या भावात दिल्या. २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली आहे, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. पालिओला ते भाग्य २०५१ च्या आधी नाही. तोपर्यंत कायद्याच्या लेखी ती फक्त एक जुनी कार आहे.

मोडीत काढायची वेळ आली तर त्यात कमीपणा मानू नये. भंगारातून पोलाद करायला खनिजापासून करण्यापेक्षा बरीच कमी ऊर्जा लागते, वरठीच्या परिसरात हे कुणाला समजावून सांगायला नको. फक्त पद्धत हवी. ओळखीच्या कबाड्याला किल्ली देऊन रोख पैसे घेतले की लोकांना व्यवहार संपल्यासारखा वाटतो. पण आरटीओच्या दफ्तरी एमएच ३६ चा तो नंबर तुमच्याच नावावर राहतो. उद्या तो नंबर किंवा त्या गाडीचा चासी नंबर दुसऱ्या कुठल्या गाडीवर निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतात. २०२१ पासून नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांची व्यवस्था आहे. तिथे गाडी दिली की जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, नोंदणी रद्द होते आणि नवी खासगी गाडी घेताना त्यावर वाहनकरात सवलत मिळू शकते. आणि तिथे नेण्याआधी हेडलाइट, कॉम्प्युटर, अलॉय चाकं, दरवाज्यांचे सांधे जे चांगलं असेल ते दुसऱ्या पालिओवाल्याला द्या. एक मरणारी गाडी दुसऱ्या दोन गाड्या चालवू शकते.

माझा कौल असा. सांगाडा शाबूत, आरसी मालकाच्या स्वतःच्या नावावर, बँकेचा बोजा उतरलेला आणि किल्ली हातात असेल, तर १.६ पालिओ जरूर उभी करावी. पण ती नव्यासारखी चकचकीत करण्याच्या नादी लागू नये. ब्रेक, सस्पेन्शनचे बुश, टायर, कूलिंग आणि वायरिंग यांवर आधी पैसा खर्च करावा. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत रेडिएटरचा पंखा चालला नाही तर बाहेरच्या रंगाला कुणी विचारत नाही. रंग सगळ्यात शेवटी. गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवायची तयारी नसेल तर खर्च करूच नये, ती पुन्हा शेडखाली जाऊन कुजणार. आणि शॉकचे माथे कुजलेले असतील किंवा कागद तिसऱ्याच माणसाच्या नावावर अडकले असतील, तर प्रेम कितीही असो, भाग वाटून द्या आणि केंद्रात जमा करा.

ज्यांच्या शेडखाली अशी गाडी उभी आहे त्यांना एक विनंती. मृग लागण्याआधी एका रविवारी गालिचे उचलून सांगाडा पाहा, कपाटातलं कोड कार्ड शोधा आणि आरसीवरची तारीख वाचा. आणखी एक पावसाळा तिला तिथे तसाच काढू देऊ नका.